दाराबाहेरचा माणूस

दूध उतू गेल्याचा वास बंद दारातूनही बाहेर येतो, हे ज्ञान मला ज्या सकाळी झालं, त्या सकाळी माझ्या एका पायात चप्पल होती आणि हातात कचऱ्याची रिकामी बादली. दूध तापेपर्यंत कचरा टाकून येऊ, असा माझा बेत होता. वाऱ्याचा बेत वेगळा होता. दार धाडकन लागलं. ते लागलं की आपोआप कुलूप पडतं आणि किल्लीशिवाय बापजन्मात उघडत नाही. असं उत्तम कुलूप आमच्या दाराला माझ्या सख्ख्या थोरल्या भावानंच बसवलं होतं. दादाचा धंदाच तो. अख्ख्या शहराची अडलेली दारं दादा उघडतो.

आमची ही ऑफिसला गेलेली. माझा फोन आत, दुधाला सोबत म्हणून. मी समोरच्या दंतवैद्यांचं दार वाजवलं. ते फोन घेऊनच बाहेर आले.

"भावाला लावा की फोन! नंबर सांगा."

सख्ख्या भावाचा नंबर आजकाल पाठ कुणाला असतो? तो फोनला पाठ, आणि फोन आत. पण मी मुळीच डगमगलो नाही. उलट माझी छाती थोडी फुगलीच. "डॉक्टर, दुकानाची वेबसाइट आहे. मीच बनवलीय. उघडा."

डॉक्टरांनी ती उघडली. आधी पडदा काळा झाला. मग त्या अंधारातून एक सोनेरी कुलूप गिरक्या घेत वर आलं. संगीत सुरू झालं. डावीकडून एक किल्ली सावकाश, हत्तीवरून आल्यासारखी आली, कुलपात शिरली आणि फिरू लागली. ती किती रुबाबात फिरावी यासाठी मी कित्येक रविवार खर्ची घातले होते. आत दूध वर येत होतं आणि बाहेर किल्ली फिरत होती. मग एकेक अक्षर उमटत 'सुस्वागतम्' आलं. त्याखाली माझा लेख, 'कुलूप : एक चिंतन'.

"'कुलूप हे माणसाच्या अविश्वासाचं पितळी स्मारक आहे,'" डॉक्टर मोठ्यानं वाचू लागले. "वा! काय वाक्य आहे! कुणाचं हो?"

"माझं. खाली सरका."

"थांबा हो, वाचू द्या. 'आदिमानवाला कुलूप नव्हतं, कारण…'"

"डॉक्टर, दूध!"

नंबर अगदी तळाशी होता. मी तो किल्लीच्या आकाराच्या चित्रात, वेलबुट्टीच्या अक्षरांत काढला होता. दाबून फोन लागेना, कारण चित्र ते चित्रच. वाचून लावावा तर वेलबुट्टीत एक आकडा दुसऱ्यासारखा दिसत होता. डॉक्टरांनी दाढ पारखावी तसा डोळा बारीक करून नंबर लावला. पलीकडून एक बाई म्हणाल्या, "पुन्हा कुलूप? अहो, मी कपडे शिवते! दार फाटलं असेल तर सांगा, टाका घालते!" आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी एका चपलेनिशी भर बाजारातून जे धावलो, ते थेट दादाच्या दुकानात जाऊन थांबलो.

दुकान म्हणजे औषधवाला आणि चांभार यांच्यामध्ये उरलेली एक फट. त्या फटीत किल्ल्या कापायचं यंत्र, भिंतभर आकड्यांना टांगलेल्या बिनदातांच्या कोऱ्या किल्ल्या, पितळी भुसा, एक स्टूल, बिस्किटांच्या जुन्या डब्यात उभा केलेला फोन, आणि या सगळ्याच्या मधोमध वहिनी. कपाळावर जाड काचांचा चष्मा चढवलेला, हातात कानस. वहिनींनी मला आपादमस्तक पाहिलं.

"काय हो भावजी, दुसरी चप्पल कुठे?"

"घरात."

"आणि घर?"

"बंद."

"गॅसवर काही?"

"दूध."

"अहो, दूध!" वहिनींनी आतल्या अंगाला हाक दिली.

त्या दुकानात 'दूध' म्हणजे आगीच्या बंबाची घंटा. दादा कसलीही चौकशी न करता पिशवी घेऊन बाहेर आला, स्कूटरला लाथ घातली, मला मागं बसवलं, आणि डॉक्टर अजून तिसऱ्या परिच्छेदात असतानाच आमचं दार उघडलं. दूध गेलं होतं. पातेलं ओळख पटण्यापलीकडे होतं. पण घर शाबूत राहिलं.

संध्याकाळी मी आभार मानायला दुकानात गेलो, तेव्हा वहिनींनी विचारलं, "पण धावत कशाला आलात? फोन का नाही केलात?"

"नंबर सापडला नाही."

"वेबसाइटवर आहे ना?"

"तिथंच शोधत होतो. लावला तो एका कपडे शिवणाऱ्या बाईंना लागला."

वहिनी हसल्या. हसता हसता स्टुलावर बसल्या, डोळ्याला पदर लावला, "ज्यानं माडी बांधली त्यालाच जिना सापडेना!" म्हणून पुन्हा हसल्या. आणि मधेच थांबल्या. कपाळावरचा चष्मा घसरून नाकावर आला.

"शिवणाऱ्या बाई काय म्हणाल्या म्हणालात?"

"'पुन्हा कुलूप?' म्हणाल्या."

"पुन्हा म्हणाल्या?"

"पुन्हा म्हणाल्या."

वहिनींनी डब्यातल्या फोनकडे पाहिलं. दुपारपासून तो नुसता उभा होता. दुपारपासून काय, गेले कित्येक आठवडे तो तसाच उभा होता, आणि त्यातूनच एक मोठं संकट घरात शिरलं होतं. चौकातल्या भल्यामोठ्या शोरूमच्या शेठनी दादाला बोलावणं धाडलं होतं. थंडगार काचेच्या दुकानात गळ्यात टाय बांधून उभं राहायचं आणि तयार कुलपं विकायची. दादा, जो कुलपाला कान लावून आतला कुठला खिळा रुसलाय ते सांगतो, तो टाय बांधणार! पण काम येत नव्हतं. लग्नानंतर या नवरा-बायकोनं हौसेनं उघडलेलं दुकान बंद करायचं, असं दादानं मनाशी जवळजवळ ठरवलं होतं. महिनाअखेर शेठ उत्तर घ्यायला येणार होते. वहिनी नुसत्या दात आवळून किल्ल्या कापत होत्या. किल्ल्याही मग जरा जास्तच खोल कापल्या जात होत्या.

"अहो!" वहिनी ओरडल्या. "ऐकलंत का? गिऱ्हाईक आटलं नाहीये! गिऱ्हाईक शिवणाऱ्या बाईंकडे जातंय!"

"एखाददुसरा फोन चुकला असेल," दादा म्हणाला. "लोकांना आता कुलूपवाला लागत नाही गं."

"महिनाअखेरपर्यंत शेठना अवाक्षर बोलायचं नाही. तोवर ती वेबसाइट माझ्या ताब्यात द्या."

"माझ्या कुठे ताब्यात आहे? त्याच्या आहे."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी शस्त्रं खाली ठेवली. एकच अट घातली, की माझं चिंतन काढायचं नाही.

"बघू," वहिनी म्हणाल्या. वहिनींचं 'बघू' म्हणजे काय असतं, ते आमच्या घरात ज्यांनी भोगलंय त्यांनाच ठाऊक.

वहिनींना वेबसाइटमधलं ओ की ठो येत नव्हतं. पण लग्न होऊन आल्या तेव्हा किल्ली कापायलाही कुठे येत होतं? सगळं सोपं असलं की त्यांना करमत नाही, आणि नवीन काही शिकायचं म्हटलं की त्यांचा आवाज दोन पट्ट्या वर जातो. मी वेबसाइट बनवायच्या रविवारच्या वर्गात जे शिकलो होतो ते त्यांना सांगू लागलो, की वेबसाइटवर येणाऱ्या पाहुण्याचं स्वागत कसं झालं पाहिजे, त्याला प्रसन्न कसं वाटलं पाहिजे.

"पाहुणा?" वहिनी म्हणाल्या. "भावजी, पाहुणा दाराच्या आत येतो. आपल्याकडे येतो तो दाराबाहेरचा माणूस. एका हातात पिशवी, काखेत पोर, फोन दुसऱ्याचा, आणि पोटात गोळा. तो प्रसन्न कसा होईल? दार उघडलं की होईल!"

त्या दिवसापासून वहिनींच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. किल्ली कापताना दाराबाहेरचा माणूस, जेवताना दाराबाहेरचा माणूस. दादा म्हणाला, "ही आता माझ्यापेक्षा त्याची काळजी जास्त करते."

पहिला बळी गेला माझ्या सोनेरी कुलपाचा.

"किती सुंदर उघडतं हो ते!" मी कळवळलो.

"ज्याचं दार बंद आहे त्याला आणखी एक कुलूप दाखवायचं? हे म्हणजे भुकेल्याला जेवणाचं चित्र."

"संगीत तरी राहू द्या."

"भर दुपारी शेजारपाजारचे झोपलेत, आणि हा बिचारा जिन्यात बँड वाजवत उभा. आधी दारानं अब्रू घेतली, आता तुम्ही घ्या!"

नंबर तळातून उचलून माथ्यावर आणला. असा ठसठशीत, की चष्म्याशिवाय दिसावा आणि अंगठ्यानं दाबला की सरळ फोन लागावा. त्याखाली लोक काउंटरवर येऊन जे बोलतात तेच शब्द ठेवले. 'बाहेर अडकलोय.' 'मूल आत अडकलंय.' 'किल्ली कुलपात मोडली.' मी सुचवलं होतं, 'आमच्या सेवा'. वहिनी म्हणाल्या, "सेवा देवळात."

पण पान बरं झालंय हे ठरवायचं कसं? त्यासाठी वहिनींनी जी परीक्षा काढली, तशी माझ्या वर्गातल्या मास्तरांना जन्मात सुचली नसती. आत गॅसवर दूध ठेवायचं. परीक्षार्थ्याला जिन्यात उभं करायचं, एका पायात चप्पल, डाव्या हातात बटाट्यांची पिशवी, उजव्या हातात परका फोन. दूध वर यायच्या आत त्याला हवं ते सापडलं तर पान पास, नाही तर नापास.

पहिला परीक्षार्थी अर्थात मी. मी नापास झालो. मग डॉक्टरांना हातमोज्यांसकट उभं केलं. ते नापास झाले, कारण ते जुनं चिंतन कुठे गेलं ते शोधत बसले. मग आईला, म्हणजे माझ्या आणि दादाच्या आईला, चष्मा काढून उभं केलं.

"आई, मूल आत अडकलंय असं समजा."

"कुणाचं मूल?"

"कुणाचंही!"

"असं कसं कुणाचंही? मूल कुणाचं ते कळल्याशिवाय मी घाबरणार कशी?"

तेवढ्यात आत फस्स झालं. आई बाणेदारपणे म्हणाली, "दूधच घाईचं होतं."

त्या आठवड्यात आमच्याकडे सगळ्यांनी इतका चहा प्यायला की कुणाचा डोळ्याला डोळा लागेना. पण दर परीक्षेनंतर वहिनी एखादी ओळ काढत, एखादं बटण वर सरकवत, आणि दूध हरलं की टाळी वाजवत. ज्या दिवशी आई चष्म्याशिवाय, बटाट्यांसकट पास झाली, त्या दिवशी वहिनींनी आनंदाच्या भरात बटाटेच जिन्यात सोडून दिले. वरच्या मजल्यावरून खालपर्यंत बटाटे, त्यांच्यामागे वहिनी, आणि त्यांच्यामागे "झालं! झालं!" असा घोष.

दादाला मात्र एक गोष्ट पटेना. 'बाहेर अडकलोय' या पानावर वहिनींनी पहिलंच वाक्य घातलं होतं, 'घाबरू नका. आधी मागचं दार ढकलून बघा, आणि घरातल्या आणखी कुणाकडे किल्ली आहे का ते आठवा.'

"अगं, मागचं दार उघडं निघालं तर?"

"तर बरंच झालं की!"

"आणि आपलं गिऱ्हाईक?"

"आज गेलं. पण पुढच्या खेपेला खरंच अडकला की त्याला कोण आठवेल? ज्यानं फुकट घरात घातलं तोच ना?"

दादा कानशीकडे बघत म्हणाला, "ही दुकान वाचवायला निघालीय की बुडवायला?"

उत्साहाला लगाम नसला की तो अंगावरही येतो. माणसाला दादा कुठे आहे ते कळलं पाहिजे, म्हणून वहिनी ताजी बातमी देऊ लागल्या. 'निघाले आहेत.' 'पुलावर आहेत, रहदारी आहे.' इथवर ठीक होतं. एके सकाळी लिहिलं, 'आंघोळीला गेलेत, आलेच.' त्या दिवशी दादा ज्या ज्या दारात गेला तिथं लोकांनी अदबीनं विचारलं, "झाली का आंघोळ?" घरी येऊन दादानं असा काही थयथयाट केला, की तेव्हापासून वेबसाइटवर फक्त 'अर्ध्या तासात पोहोचतो' एवढंच दिसू लागलं.

सकाळी शटर वर गेलं की वहिनी आधी दुकान झाडत आणि मग वेबसाइट. झाडणं हा त्यांचाच शब्द. एकेक बटण दाबून बघायचं. मग स्वतःच्या फोनवरून नंबर दाबायचा, डब्यातला फोन वाजला की तोही स्वतःच उचलायचा आणि एका कानाला एक, दुसऱ्याला दुसरा लावून विचारायचं, "हॅलो, दुकान चालू आहे ना?" औषधवाला हे पाहून पहिल्या दिवशी काळजीनं आमच्या दादाला बाजूला घेऊन गेला होता. कालची सूचना आज राहिली की वहिनींना शिळं अन्न ताटात आल्यासारखं होई. "एक शिळं दिसलं ना, की माणूस ताज्यावरही विश्वास ठेवत नाही." काउंटरवर एकच प्रश्न दोघातिघांनी विचारला, की त्याचं उत्तर संध्याकाळपर्यंत वेबसाइटवर. शिवणाऱ्या बाईंची तर त्यांनी घरी जाऊन माफी मागितली आणि येताना त्यांना दुधाच्या परीक्षेला घेऊन आल्या. बाई पहिल्याच फटक्यात पास!

आणि डब्यातला फोन वाजू लागला. आधी भीत भीत, मग सर्रास. वहिनी उचलत आणि पहिलं विचारत, "गॅसवर काही आहे का?" दादाची स्कूटर दिवसभर रस्त्यावर. वहिनींच्या पायाला भिंगरी, डोळ्यांत दिवाळी. पण दादा म्हणजे पालथा घडा. "सुट्ट्यांचे दिवस आहेत. लोक प्रवासाला जातात, किल्ल्या हरवतात. त्या पानांचा काय संबंध?" तिकडे शेठनी माप बघायला टायही पाठवून दिला होता. दादा आरशासमोर तो लावून बघे, तेव्हा दोर बांधलेल्या घागरीसारखा दिसे. वहिनी तोंड फिरवून कामाला लागत.

महिना सरत आला आणि नेमकं परगावी भाचीचं लग्न निघालं. दुकान बंद ठेवणं भाग होतं. पण दाराबाहेरच्या माणसाला वाऱ्यावर कसं सोडायचं? वहिनींनी माथ्यावर लिहिलं, 'आज दुकान बंद आहे. या मिस्त्रींना फोन करा, माणूस चांगला आहे.' आणि खाली पुलापलीकडच्या कुलूपवाल्या मिस्त्रींचा नंबर दिला.

"ते आपले प्रतिस्पर्धी आहेत, वहिनी!" मी म्हणालो.

"असतील. पण दार तर उघडतात."

निघायच्या आधी मी शहाणपणानं त्यांना वेबसाइटचा पासवर्ड बदलायला सांगितला. जुना फारच सोपा होता. वहिनींनी चांगला लांबलचक, अवघड पासवर्ड रचला. 'जादा किल्ली नेहमी विश्वासाच्या माणसाकडे ठेवा,' असं त्यांनीच लोकांना लिहून सांगितलं होतं. त्याप्रमाणे तो आईच्या कानात सांगितला आणि म्हणाल्या, "काही झालं तरी कुणालाही सांगायचा नाही हं, आई." आईनं मान डोलावली आणि तो सुरावर पाठ केला.

लग्न झालं. आई तिथंच माझ्या बहिणीकडे राहिली. आम्ही परतलो. दुसऱ्या सकाळी वहिनींनी शटर वर केलं, दुकान झाडलं, फोन काढला, आणि हात हवेतच राहिला. लग्नाच्या धामधुमीत पासवर्ड डोक्यातून साफ गेला होता! एक प्रयत्न चुकला, दुसरा चुकला, तिसरा चुकल्यावर वेबसाइटनंच त्यांच्या तोंडावर दार लावलं. 'विसरलात?' असं बटण होतं, पण ते दाबलं की नवा पासवर्ड माझ्या जुन्या ऑफिसातल्या ईमेलवर जाणार, आणि त्या ऑफिसनं माझ्यासाठी दार केव्हाच बंद केलं होतं.

दादा कितीतरी दिवसांनी पोट धरून हसला. "कुलूपवाल्याची बायको दाराबाहेर! अगं, याची किल्ली मला कापता येत नाही!"

पण वहिनी हसल्या नाहीत. माथ्यावर अजून 'आज दुकान बंद आहे' दिसत होतं. डब्यातला फोन मुका होता. आणि शेठ त्याच संध्याकाळी उत्तर घ्यायला यायचे होते.

बहिणीकडे फोन केला तर आई तिच्या मैत्रिणींबरोबर नदीकाठी गेलेली, फोन घरी ठेवून. सकाळ गेली, दुपार गेली. वहिनी स्टुलावर बसून स्वतःच्याच वेबसाइटकडे बघत होत्या, बंद दाराकडे बघावं तशा. एका पायातली चप्पल निघून पडली होती, तिचंही त्यांना भान नव्हतं. शेवटी संध्याकाळी शेठ आले, चकचकीत बुटांवर पितळी भुसा पडू नये म्हणून पाय उचलून बसले, चहा आला, आणि तेवढ्यात आईचा फोन लागला.

"आई, तो पासवर्ड सांगा पटकन!"

"कोण बोलतंय?"

"मी! तुमची सून!"

"फोनवर सगळे असंच म्हणतात."

"आई, मीच सांगितला होता ना तुम्हाला!"

"ज्यानं सांगितला त्याला ठाऊक असणार. मग मला कशाला विचारता?"

"विसरले हो!"

"माझी सून काही विसरत नाही." आईनं निकाल दिला. मग जरा विरघळून म्हणाली, "बरं, एक सांग. त्या दुधाच्या परीक्षेत मी नापास झाले, तेव्हा काय म्हणाले होते?"

"'दूधच घाईचं होतं,' म्हणालात!"

"हं. मग तूच. आता बाकीच्यांना लांब जायला सांग." आणि आईनं पासवर्ड कुजबुजून सांगितला. आईची कुजबूज औषधवाल्यापासून चांभारापर्यंत ऐकू जाते, त्यामुळे तो नंतर पुन्हा बदलावा लागला, ते सोडा.

वहिनींची बोटं चालू लागली, आणि त्याच क्षणी दुकानासमोर एक स्कूटर करकचून थांबली. पुलापलीकडचे मिस्त्री! केस उभे, सदऱ्याची बटणं वरखाली.

"वहिनी, हात जोडतो, पण माझा नंबर काढा तिथून! काल दिवसभर आणि आज सकाळपासून घोटभर पाणी प्यायलो नाही. एक दार उघडतोय तोवर दुसऱ्याचा फोन! आणि लोक काय काय विचारतात! एक बाई रागावल्या, की 'तुम्ही गॅसचं विचारलंच नाहीत, ते तर आधी विचारतात!' एक आजोबा म्हणाले, 'मागचं दार ढकलून बघितलं, उघडलं, पण तुम्हाला थँक्यू म्हणायला फोन केलाय.' थँक्यू! जिन्यात तिघं वाट बघतायत आणि हे थँक्यू!" मग ते दादाकडे वळले. "आणि तू म्हणे शोरूमला चाललास? तू गेलास ना, तर ही सगळी जत्रा माझ्या अंगावर. मी सरळ शहर सोडून जाईन, सांगून ठेवतो!"

दादा बघतच राहिला. आधी मिस्त्रींकडे, मग डब्यातल्या मुक्या फोनकडे, मग वहिनींच्या हातातल्या फोनकडे. सुट्ट्या तर कालही होत्या आणि आजही होत्या. फरक फक्त त्या एका ओळीचा होता. घड्याचं तोंड वर झाल्याचं मी प्रत्यक्ष पाहिलं.

"झालं!" वहिनी ओरडल्या. ओळ बदलली होती. 'दुकान चालू आहे.'

शेठनी चहाचा घोट घेतला. आणि डब्यातला फोन खणखणला.

वहिनींनी झडप घातली. "हॅलो! गॅसवर काही आहे का?… अहो, दूध!"

दादा उठला. पिशवी खांद्याला लावली.

"अहो, पण उत्तर?" शेठ काउंटरवर पडलेल्या टायचं टोक धरून म्हणाले. "टायचं माप तरी—"

"शेठ, दूध आहे गॅसवर!" दादा म्हणाला, आणि स्कूटरला लाथ घातली. टाय शेठच्या हातातच राहिला. मिस्त्री मटकन स्टुलावर बसले आणि दादाचा उरलेला चहा पिऊन टाकला. वहिनी फोन छातीशी धरून दारात उभ्या, रस्त्याच्या वळणापर्यंत स्कूटरकडे बघत. मग एकदम वळून म्हणाल्या, "माझी चप्पल कुठाय?"

आता दुकानाचं बरं चाललंय. शेठ त्या संध्याकाळी टाय दुकानातच विसरून गेले, आता मोठ्या किल्ल्यांचा जुडगा त्याला बांधलाय. मिस्त्री आणि दादा सुट्ट्या एकमेकांना विचारून घेतात. आई पासवर्डची अधिकृत रखवालदार आहे आणि कुणालाही दाद देत नाही. परवा मी दुकानात गेलो तेव्हा वहिनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून किल्ली कापत होत्या. दुकान वाचलं, सगळे सुखी, तेव्हा म्हटलं, आपलंही एक राहून गेलेलं विचारून घ्यावं. वहिनींनी माझी अट पाळली होती. माझं चिंतन त्यांनी काढलं नव्हतं. वेबसाइटच्या अगदी तळाला 'दार उघडलं? मग आता निवांत हे वाचा' असं लिहून तिथं ते आदरानं ठेवलं होतं.

"वहिनी," मी म्हणालो, "रोज इतकी माणसं वेबसाइटवर येतात. तळाला गेल्यापासून माझं चिंतन किती जणांनी वाचलं?"

"कुणीच नाही."

"एकानंही नाही? का हो?"

वहिनींनी यंत्र थांबवलं नाही, मानही वर केली नाही.

"दार उघडलं की माणूस घरात जातो, भावजी."